एकटं मूल आणि आरक्षणातला कोरा रकाना

रेल्वेच्या भाडेपत्रकात बालपण बाराव्या वर्षी संपतं. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा या वयात आरक्षित डब्यात स्वतंत्र बर्थ न घेतल्यास अर्धं भाडं, आणि घेतल्यास २१ एप्रिल २०१६ पासून पूर्ण भाडं. बारा पूर्ण झाली की प्रवासी मोठा. देशाचा कायदा मात्र अठरा वर्षांपर्यंत त्याला मूलच मानतो. मधल्या सहा वर्षांत रेल्वे त्याच्याकडून मोठ्या माणसाचं भाडं घेते आणि मोठ्या माणसाकडे जितकं लक्ष देते तितकंच त्याच्याकडे देते.

आरक्षणाच्या अर्जात वयाचा रकाना असतो. त्यामुळे एका पीएनआरवर एकच प्रवासी आहे आणि त्याचं वय तेरा आहे, हे यंत्रणेला तिकीट निघताक्षणीच कळलेलं असतं. त्या माहितीचं पुढे काहीच होत नाही. मूल एकटंच निघालंय का, त्याला बसवून द्यायला कोण येणार, उतरवून घ्यायला कोण, त्या माणसाचा नंबर काय, हे कोणी विचारत नाही. माझं म्हणणं असं की दहा ते पंधरा वर्षांच्या एकट्या प्रवाशाची रेल्वेने वेगळी नोंद घ्यावी. ती नोंद गाडीतल्या टीसीपर्यंत आणि उतरायच्या स्थानकावरच्या आरपीएफपर्यंत, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलापर्यंत, पोचावी, आणि मूल ओळख पटवून, सही घेऊनच ताब्यात दिलं जावं. याला लागणारे बहुतेक भाग रेल्वेकडे आजच आहेत. ते एकमेकांना जोडलेले नाहीत, एवढीच अडचण आहे.

एकटं मूल गाडीत असू शकतं याची रेल्वेला कल्पनाच नाही, असंही नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्यातलं कलम १३९ वाचून पाहावं. भाडं आणि जादा आकार भरायला नकार देणाऱ्याला गाडीतून उतरवण्याचा अधिकार ते देतं आणि लगेच अपवाद सांगतं: सोबत पुरुष प्रवासी नसलेल्या स्त्रीला किंवा मुलाला वाटेल तिथे उतरवता येणार नाही. जिथून प्रवास सुरू झाला ते स्थानक, जंक्शन, शेवटचं स्थानक किंवा जिल्ह्याचं मुख्य ठिकाण, एवढ्याच जागी, आणि तेही दिवसा. पुरुषाच्या सोबतीची भाषा जुनाट आहे, पण मागचा विचार शहाणपणाचा आहे. विनातिकीट मुलालासुद्धा रात्री आडबाजूच्या फलाटावर सोडायचं नाही, असं कायदा सांगतो. तिकीट काढलेल्या मुलाला अशी कुठलीच हमी नाही. त्याचं स्थानक रात्री दोन वाजता आलं तर ते उतरतं आणि पुढचं त्याचं त्यानं पाहायचं.

शाळकरी मुलांच्या पासचंही तेच. मुलींना पदवीपर्यंत आणि मुलग्यांना बारावीपर्यंत घर ते शाळा-कॉलेज असा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास रेल्वे मोफत देते. म्हणजे मुलं रोज एकटी गाडीत चढतात हे तिला मान्य आहे, त्यासाठी ती सवलतही देते.

दुसऱ्या बाजूला आरपीएफ. ‘ऑपरेशन नन्हे फरिश्ते’ या मोहिमेत २०१८ पासून मे २०२४ पर्यंत आरपीएफने ८४,११९ मुलांना स्थानकांवरून आणि गाड्यांतून सोडवलं. त्यात घरातून पळालेली होती, हरवलेली होती, कोणीतरी कामाला घेऊन चाललेली होती. १३५ हून अधिक स्थानकांवर बाल मदत कक्ष आहेत. हे काम करणाऱ्यांची नजर साहजिकच एका गोष्टीला सरावलेली असते: फलाटावर एकटं मूल दिसलं की थांबवायचं आणि चौकशी करायची. ती तशीच असायला हवी. बाल न्याय कायदा, २०१५ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. आता मामाकडे निघालेल्या तेरा वर्षांच्या मुलाच्या घरचा फोन लागत नसेल, जवळ कुठला कागद नसेल आणि घाबरून ते एकाच प्रश्नाला दोन वेगळी उत्तरं देत असेल, तर कर्तव्यदक्ष जवान त्याला उतरवून घेणारच. त्यात जवानाचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. मुलाचंही नाही.

रेल्वेच्या लेखी एकटं मूल म्हणजे एक तर नुसतं भाडं भरणारा प्रवासी, नाही तर घरातून पळालेलं. पालकांच्या संमतीने, ठरवून, सुट्टीत आजीकडे निघालेल्या मुलासाठी तिसरा खण नाही. तो होईपर्यंत पालकांनी एक कागद मुलाच्या खिशात ठेवावा, आणि त्याचीच दुसरी प्रत बॅगेत. त्यावर मुलाचं नाव आणि जन्मतारीख, गाडीचा क्रमांक, प्रवासाची तारीख, कुठून कुठे, पीएनआर, डबा आणि आसन, पाठवणाऱ्या पालकाचे दोन नंबर, घ्यायला येणाऱ्याचं नाव, नातं आणि दोन नंबर, शेवटी पालकाची सही. सोबत पालकाच्या ओळखपत्राची छायाप्रत. मुलाकडे स्वतःचं मूळ ओळखपत्र हवं. आरक्षित डब्यात मान्यताप्राप्त शाळेचं फोटो असलेलं ओळखपत्र चालतं, हे बऱ्याच पालकांना ठाऊक नसतं. या कागदाला कायद्याचं बळ नाही, पण चौकशी करणाऱ्याला दोन मिनिटांत चार नंबर मिळतात आणि गोष्ट तिथेच मिटते.

धोका म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर डब्यातला अनोळखी माणूस येतो. तो धोका खोटा नाही. पण भरदिवसा, धावत्या आरक्षित डब्यात, पन्नास-साठ माणसांसमोर तो पुष्कळसा आवाक्यात असतो. घोटाळे होतात ते सांध्यांवर: चढताना, गाडी बदलताना, उतरताना, आणि गाडीला उशीर झाला की. म्हणून एकट्या मुलासाठी गाडी निवडताना पहिला प्रश्न वर्गाचा किंवा वेगाचा नसावा. गाडी कुठे सुटते आणि कुठे संपते, हा असावा.

सुटणारं आणि पोचणारं, दोन्ही स्थानकं गाडीचं टोक असतील तर निम्म्या अडचणी उरतच नाहीत. डेक्कन क्वीन सकाळी पुण्याहून सुटते आणि मुंबईत सीएसएमटीला संपते, संध्याकाळी उलट. गाडी सुटायच्या आधी फलाटावर उभी असते, त्यामुळे डबा शोधायला, सामान लावायला, शेजारी कोण आहे ते पाहायला वेळ मिळतो. झोप लागली तरी स्थानक चुकत नाही, कारण पुढे स्थानकच नाही. याउलट दोन मिनिटांचा थांबा असलेलं मधलं स्थानक घ्या. तिथे फलाट ऐनवेळी बदलला, इंडिकेटरवर डब्यांची जागा उलटी लागली, तर मोठी माणसंही पुलावरून धावत सुटतात. अकरा वर्षांच्या मुलाकडून त्या दोन मिनिटांत योग्य डबा गाठायची अपेक्षा करणं म्हणजे नशिबावर हवाला ठेवणं आहे.

स्थानकांच्या नावांचा घोळ वेगळाच. मुलाला ‘मुंबईला उतर’ सांगून भागत नाही. सीएसएमटी, दादर, लोकमान्य टिळक टर्मिनस, वांद्रे टर्मिनस, मुंबई सेंट्रल आणि पनवेल या सहा वेगळ्या जागा आहेत आणि घ्यायला आलेला काका चुकीच्या जागी उभा राहिला तर त्याला योग्य जागी पोचायला तास सहज लागतो. पुण्याच्या बाबतीत शिवाजीनगर आणि हडपसर, नागपूरच्या बाबतीत अजनी आणि इतवारी. तिकिटावर जे नाव छापलंय तेच मुलाला पाठ हवं, आणि त्याच्या आधीचं थांब्याचं स्थानकही. आधीचं स्थानक गेलं की सामान आवरायचं, बूट घालायचे, स्वच्छतागृहात जाऊन यायचं. हा क्रम सांगितलेला नसेल तर मूल गाडी थांबल्यावर उठतं.

वंदे भारतसारख्या गाड्यांची आपोआप बंद होणारी दारं मुलांच्या दृष्टीने फारच चांगली, कारण दारात उभं राहण्याचा मोहच संपतो. त्यांत आणीबाणीच्या वेळी गाडी चालवणाऱ्याशी बोलण्याची सोयही असते. पण सामान लावून द्यायला आत गेलेले पालक दार बंद झाल्यामुळे पुढच्या थांब्यापर्यंत गाडीतच अडकले, असे प्रकार अनेकदा झालेत. सुटायला पाच मिनिटं उरली की मोठ्यांनी खाली यावं आणि निरोप खिडकीतून घ्यावा.

वर्ग निवडायचा तर दिवसाची चेअरकार सगळ्यांत बरी. स्लीपर आणि थ्री एसीच्या कप्प्यात दिवसा खालच्या बर्थवर तिघं बसतात, म्हणजे मुलाची स्वतःची अशी जागा राहतच नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला रात्रीच्या गाडीने पाठवणं अगदीच टळत नसेल तर वरचा बर्थ घ्यावा. बर्थच्या क्रमांकाला आठने भागून बाकी ३ किंवा ६ उरली तर तो वरचा. तिथे कोणी येऊन बसत नाही, बॅग उशाशी राहते आणि मधला बर्थ उघडा की बंद याच्याशी देणंघेणं नसतं. बाकी ७, म्हणजे साइड लोअर, नको: जाणारा-येणारा प्रत्येक जण तिथे टेकतो. आरएसी तिकिटावर तर मुलाला मुळीच पाठवू नये. एकाच साइड लोअरवर अनोळखी मोठ्या माणसासोबत रात्र काढायची, असा त्याचा अर्थ होतो. आणि बाराखालच्या मुलासाठी अर्ध्या भाड्याचं, बर्थ नसलेलं तिकीट काढून चार पैसे वाचवण्याचा विचार एकट्या प्रवासात मनातही आणू नये.

आसनाची अदलाबदल हा सर्वांत कमी बोलला जाणारा आणि सर्वांत जास्त होणारा घोळ. ‘बाळा, तू तिकडे बस ना, आमचं कुटुंब एकत्र आहे’ असं कोणी म्हटलं की सभ्य घरातलं मूल उठतं. समोरच्याच्या मनात काही वाईट असतं असं नाही. पण त्या क्षणी मुलाचा पत्ता बदलतो. घरून टीसीला किंवा रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनला फोन गेला तर शोध जुन्या आसनावर होणार, आणि तिथे दुसराच माणूस झोपलेला असणार. मोठ्यांना नाही म्हणता येणं ही एकट्या प्रवासाची पहिली पात्रता आहे असं मी मानतो, आणि ती याच प्रसंगी तपासली जाते.

मोबाइल आहे म्हणून निर्धास्त राहणारे पालक घाट विसरतात. कर्जत ते लोणावळा, कसारा ते इगतपुरी या टप्प्यांत बोगद्यांमुळे फोन तुटत राहतो. ‘दर अर्ध्या तासाने फोन कर’ असं ठरवलेलं असलं की नेमका घाटात फोन लागत नाही आणि घरी रडारड सुरू होते. घड्याळाऐवजी स्थानकांवर ठरवावं: कर्जत आलं की एक, लोणावळा गेलं की एक. गाडी कुठवर आली हे पालकांना एनटीईएस या रेल्वेच्या अ‍ॅपवर दिसतच असतं. चार्जिंगची आसनाजवळची सोय बंद असण्याची शक्यता धरून पॉवर बँक द्यावी, आणि निदान दोन नंबर मुलाला तोंडपाठ हवेत, कारण हरवणाऱ्या वस्तूंमध्ये फोनचा क्रमांक पहिला.

स्थानक चुकलंच तर? चालत्या गाडीतून उतरायचं नाही. साखळीकडे हात न्यायचा नाही. गाडी दोन स्थानकांच्या मध्ये, रुळांवर उभी राहिली तर खाली उतरणं आणखी वाईट. पुढच्या थांब्यावर उतरायचं, फलाट सोडायचा नाही, सरळ स्टेशन मास्तरच्या किंवा आरपीएफच्या खोलीत जायचं आणि तिथून घरी फोन करायचा. घ्यायला कोणी आलेलं नसेल तेव्हाही हेच. स्थानकाबाहेर रिक्षा स्टँडवर भेटू, असा बेत कधीच नसावा.

आता सहप्रवाशांविषयी, कारण आपल्याकडची सगळी व्यवस्था त्यांच्यावर उभी आहे. गाडी सुटताना खिडकीतून हाक जाते: ‘काकू, जरा लक्ष ठेवा हं, एकटाच आहे.’ काकू मान डोलावतात आणि बहुतेक वेळा खरोखर लक्ष ठेवतात, डब्यातली चकलीही देतात. पण काकू तीन स्थानकांनंतर उतरणार असतात. त्या उतरल्या की जबाबदारी कोणाकडे गेली, हे कोणालाच माहीत नसतं. शिवाय ती हाक फक्त काकूंना ऐकू जात नाही. हे मूल एकटं आहे, असं आपण अख्ख्या कप्प्याला ओरडून सांगितलेलं असतं. ज्याच्यापासून जपायचं तोही त्यात असू शकतो. सांगायचंच असेल तर एका कुटुंबाला, हळू आवाजात, आणि ते कुठे उतरणार हे विचारून. त्यापेक्षा टीसीला गाठून तो कागद दाखवावा.

तिथेही मर्यादा आहेच. एका टीसीकडे अनेक डबे असतात, ठरावीक स्थानकावर त्याची पाळी संपते, दुसरा येतो. जाणाऱ्याने येणाऱ्याला ‘एस ४ मध्ये २२ वर एकटी मुलगी आहे’ असं सांगायलाच हवं, अशी पद्धत नाही. सांगितलं तर ती त्याची माणुसकी. एखाद्या व्यक्तीच्या भलेपणावर चालणारी गोष्ट पाळी बदलली की बंद पडते, म्हणून नोंद हवी.

नोंद ठेवून निगराणी करायची पद्धत रेल्वेला नवी नाही. २०२० साली सुरू झालेला आरपीएफचा ‘मेरी सहेली’ उपक्रम पाहा. लांब पल्ल्याच्या गाडीत एकट्या निघालेल्या स्त्रियांना सुटण्याच्या स्थानकावर महिला जवान भेटतात, काळजी काय घ्यायची ते सांगतात, आसनांचे क्रमांक टिपून वाटेतल्या थांब्यांना कळवतात, तिथले जवान लक्ष ठेवतात आणि शेवटच्या स्थानकावर प्रवास कसा झाला हे विचारलं जातं. एकट्या मुलासाठी याहून वेगळं काय हवं? फक्त शेवटच्या टप्प्यात एक भर: विचारपूस करून सोडून द्यायच्या ऐवजी मूल नेमक्या माणसाच्या हाती द्यायचं.

तिकीट काढताना, एकाच प्रवाशाचं वय दहा ते पंधरा दिसलं की पुढचं पान आपोआप उघडावं. त्यात पाठवणारा, घेणारा आणि पर्यायी घेणारा यांची नावं आणि नंबर भरल्याशिवाय तिकीट पुढे सरकू नये. दहाखालच्या मुलाचं एकट्याचं तिकीट निघूच नये. वय वाचून काही ठरवणं या संगणकाला अवघड नाही: ४५ वर्षांवरच्या स्त्रीने किंवा साठीपुढच्या प्रवाशाने पसंती कळवली नसली तरी उपलब्ध असेल तर खालचा बर्थ देण्याची सोय त्यात आहेच. तसंच एकट्या मुलाचं आसन कुटुंबांच्या किंवा स्त्रियांच्या जवळ पडेल असं करता येईल. अटी कडक असाव्यात: कन्फर्म आरक्षण, एकच गाडी, पोचण्याची वेळ सकाळी सहा ते रात्री नऊ, दोन्ही स्थानकांवर आरपीएफ चौकी. टीसीच्या हातातल्या यंत्रावर त्या आसनापुढे खूण दिसावी आणि दर पाळीला ‘पाहिलं’ अशी नोंद त्याला करावी लागावी. उतरताना घेणाऱ्याने ओळखपत्र दाखवावं, त्याच्या मोबाइलवर आलेला संकेतांक सांगावा, आणि मुलालाही विचारावं की हे कोण. कागद बरोबर असला तरी मूल मागे सरकलं, तर ताबा द्यायचा नाही. घेणारा आलाच नाही तर काय, हे आधीच लिहिलेलं हवं: मूल बाल मदत कक्षात, पहिल्या अर्ध्या तासात तिन्ही नंबरांवर फोन, दोन तास झाले की १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आणि बाल कल्याण समिती.

परदेशात दोन तऱ्हा दिसतात. फ्रान्सच्या रेल्वेची ‘ज्युनियर ए कॉम्पानी’ ही सेवा चार ते चौदा वर्षांच्या मुलांना गटाने नेते, सोबत प्रशिक्षित माणूस असतो. जर्मनीत डॉइच बान या रेल्वे कंपनीने स्थानकांवर सेवा करणाऱ्या बानहोफ्समिसिऑन या संस्थेच्या मदतीने अशीच सोबत पुरवली. अमेरिकेतली अ‍ॅमट्रॅक सोबत देत नाही, अटी घालते: तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलाला एकट्याने जाता येतं, पण गाडी बदलायची नाही, रात्रीचा प्रवास नाही, दोन्ही स्थानकांवर कर्मचारी हवेत, आणि निघण्याआधी स्थानकावरचा कर्मचारी मुलाशी बोलून त्याला झेपेल का ते ठरवतो. आपल्याला फ्रेंच पद्धत परवडणार नाही, आणि इतक्या माणसांची पार्श्वभूमी तपासणं हे वेगळंच ओझं होईल. अटींची पद्धत मात्र जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे, विशेषतः निघण्याआधीचं ते बोलणं.

या मागणीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे: एकट्या मुलांची यादी तयार झाली की ती यादीच धोक्याची. डबा, आसन, वय, पोचण्याची वेळ, सगळं एका जागी. हा आक्षेप मला पटतो. डब्याच्या दाराशी नाव, वय आणि लिंग लिहिलेले चार्ट चिकटवायची पद्धत रेल्वेने २०१८ पासून मोठ्या स्थानकांवर बंद करत आणली, तोवर ही यादी कोणालाही वाचता येत होती, हेही तितकंच खरं. म्हणून खूण फक्त कामावरच्या टीसीच्या यंत्रावर आणि संबंधित चौकीत दिसावी, कोणी ती पाहिली याची नोंद राहावी आणि प्रवास संपल्यावर फोन नंबर पुसले जावेत. एवढं जमणार नसेल तर नोंद सुरू न केलेलीच बरी.

मनुष्यबळ नाही, हा दुसरा आक्षेप. आरपीएफमध्ये स्त्रियांचं प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास आहे आणि ‘मेरी सहेली’चं कामही त्यांच्यावरच आहे. यावर उत्तर एकच, सगळ्या गाड्या घेऊ नयेत. तिसरा आक्षेप असा की याने पालक बेफिकीर होतील. मुलं आजही एकटी जातातच. फरक इतकाच की मुलगे जातात आणि त्याच वयाच्या मुलींना ‘सोबत मिळाली तर’ म्हणून थांबवून ठेवलं जातं. स्लीपरमध्ये स्त्रियांसाठी सहा बर्थचा राखीव कोटा आहे, वयाची अट नाही, एकटीलाही तो मिळतो. तरीही मुलगी घरीच राहते, कारण उतरल्यावर काय याचं उत्तर कोट्यात नाही.

एक भीती मात्र खरी वाटते. नोंद असलेलं मूल अधिकृत ठरलं की नोंद नसलेलं मूल आपोआप संशयित ठरेल. जनरल डब्यातून कामाच्या शोधात किंवा वसतिगृहाकडे निघालेल्या मुलाकडे ना कन्फर्म तिकीट असणार, ना तीन फोन नंबर. नोंदीमुळे जवानांचा वेळ वाचला तर तो अशा मुलांशी शांतपणे बोलण्यात आणि ‘सोबत मोठा माणूस आहे’ म्हणून सहज सोडल्या जाणाऱ्या मुलांकडे पाहण्यात जायला हवा. कामाला नेली जाणारी मुलं बहुधा एकटी नसतात. त्यांच्यासोबत कोणीतरी ‘काका’ असतो.

पालकांच्या बाजूची तयारी कुठल्याच योजनेने भरून निघत नाही. मुलाला डब्याचा आणि आसनाचा क्रमांक वाचता येतो का, धावत्या गाडीत स्वच्छतागृहात एकट्याने जाऊन येतं का, पाण्यासाठी फलाटावर न उतरता तहान मारून बसेल का, अनोळखी माणसाने दिलेला खाऊ रडवेलं न होता नाकारेल का, हे घरी बसून कळत नाही. त्याच मार्गावर दोनदा सोबत जावं. तिसऱ्यांदा पालकांनी शेजारच्या डब्यात बसावं आणि उतरेपर्यंत मुलापुढे जाऊ नये. या फेरीत जे चुकेल ते दुरुस्त करता येतं.

सुरुवात मोजक्या, दिवसाच्या, टोकापासून टोकापर्यंत जाणाऱ्या गाड्यांवर करावी. डेक्कन क्वीन दोन्ही दिशांनी बसते. सोलापूरहून सकाळी निघून दुपारी मुंबईला येणारी वंदे भारत बसते, पण तिची परतीची फेरी सोलापूरला रात्री उशिरा पोचते, म्हणून ती वगळावी. मुलाला जायला गाडी आहे आणि यायला नाही अशी तक्रार होईल, ती ऐकून घ्यावी. आणि ही सुरुवात मे महिन्यात करू नये. मागणी तेव्हाच सर्वांत जास्त असणार, पण फलाटावर पाय ठेवायला जागा नसते, गाड्यांना उशीर होतो आणि चौकीतले लोक गर्दीत गुंतलेले असतात. दिवाळीची सुट्टी संपल्यावरच्या शनिवार-रविवारी, दिवसाला चार-पाच मुलं असताना ताबा देण्याची पद्धत बसवावी, म्हणजे सही कुठे घ्यायची, टेबल कुठे ठेवायचं आणि घेणारा वाहतुकीत अडकला तर मुलाला जेवायला कोण देणार, हे उन्हाळ्याच्या आधी ठरलेलं असेल.